जाळी कुणी काढली

शिरूर,
१४ ऑगस्ट २००३

ती. वजीर मामूंना इशरतचा सलाम. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल. अम्मीचा गुडघा दुखतो, पण दौंडला जायचं म्हटलं की लगेच बरा होतो.

पत्राचं कारण वेगळं आहे. रांजणगावच्या आमच्या कंपनीत माझ्या शेजारच्या प्रेसवर ललिता असते. कवठे येमाईच्या धनगराच्या घरची, माझ्याच वयाची. गेल्या आठवड्यात पत्रा दाबताना तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. कंपनीनं कागदावर लिहिलं, कामगार महिलेचा निष्काळजीपणा. म्हणजे दवाखाना तिचा तिनं बघायचा आणि कामावर परत यायचं नाही. इथल्या साप्ताहिकाचे संपादक साहेबराव म्हणाले, तू लिही, मी छापतो. लिहिलंय, सोबत पाठवते. तुम्ही जन्मभर शाळेत मराठी शिकवलंत, तेव्हा भाची म्हणून सवलत देऊ नका.

तुमच्या लाल शाईची वाट बघणारी,
इशरत

दौंड,
१९ ऑगस्ट २००३

चि. इशरतला मामूचे अ. उ. आ.

सवलत नको म्हणालीस, म्हणून सांगतो. पहिल्याच ओळीत 'क्रूर', 'निर्दय' आणि 'रक्तपिपासू' असे तिघे दाटीवाटीनं बसलेत. राग तुला आलाय. वाचणाऱ्याला तो यायचा तर आधी त्याला काही दिसायला हवं. सुरुवात ललितापासून कर. ती कुठून येते, प्रेसपुढं कशी बसते ते लिही. ज्यानं कारखाना आतून कधी पाहिला नाही त्याला प्रेस कशी चालते ते समजावून सांग. हात आत जाऊ नये म्हणून पुढं लोखंडी जाळी असते, हे मला लेखाच्या शेवटी कळलं. ते आधी हवं. मग जाळीची प्रेस आणि बिनजाळीची प्रेस एकमेकींशेजारी ठेव. फरक दिसला की कारण आपोआप पुढं येतं, तुला ओरडावं लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. तू लिहिलंस, 'प्रेसला जाळी नव्हती.' जाळी कुणी काढली? तुझ्या वाक्यात करणारा माणूसच नाही. कंपनीच्या कागदातही तो नाही. ठाऊक असेल तर लिही. मात्र लेखाखाली स्वतःचं नाव घालू नकोस, 'एक कामगार' एवढंच पुरे. हे मास्तर सांगत नाही, मामू सांगतोय. अम्मीच्या गुडघ्याला गाडीचं तिकीट लागू पडतं आणि ते तुझ्या पगारातून येतं, हे लक्षात ठेव.

तुझी काळजी करणारा,
वजीर

शिरूर,
२७ ऑगस्ट २००३

ती. मामूंना इशरतचा सलाम. वि. वि.

लेख नव्यानं लिहिला. रविवारी कवठ्याला जाऊन ललिताला वाचून दाखवला. मी तिला 'बिचारी' म्हटलं होतं, ते तिनं काढायला लावलं. म्हणाली, बिचारी न्हाई मी, माझं नाव लिव्ह. आन् मी डुलकी घेत नव्हते, गप्पा मारत नव्हते, हेबी लिव्ह.

जाळी कुणी काढली हे तिला ठाऊक होतं, मलाही होतं. जाळी असली की पत्रा सरकवायला वेळ लागतो आणि माल कमी निघतो, म्हणून सुपरवायझर सोपानरावांनी आमच्यासमोर पाना घेऊन ती सोडवली. तसंच लिहिलं: 'सोपानरावांनी जाळी काढली आणि ललिताला त्याच प्रेसवर बसवलं.'

साहेबरावांनी बाकी सगळं ठेवलं, हेच वाक्य बदललं. 'जाळी काढण्यात आली होती.' म्हणाले, अर्थ तोच राहतो, भाषा जरा सभ्य होते. मी म्हटलं, अर्थ तोच आहे तर माझंच वाक्य राहू द्या. मी लेख उचलून घरी आणला, तोच सोबत पाठवते.

आमचा अझरुद्दीनभाई त्याच कंपनीत स्टोअरला आहे. आपलीही नोकरी जाईल या भीतीनं तो माझ्याशी बोलायचा बंद झालाय. आणि मामू, तुमची एक गोष्ट मी ऐकणार नाही. सोपानरावांचं नाव लिहायचं आणि माझं लपवायचं, हे मला जमणार नाही. रागवायचं तर रागवा.

तुमचीच हट्टी,
इशरत

दौंड,
१ सप्टेंबर २००३

चि. इशरतला अ. उ. आ.

रागावलो होतो. मग लेख वाचला आणि राग काही टिकला नाही. एक शब्द भडक नाही, तरी तुझ्या मामीचा चहा वाचता वाचता गार झाला. 'काढण्यात आली' या भाषेत कचेऱ्यांनी खुशाल पत्रं लिहावीत, आपण कशाला?

माझा जुना विद्यार्थी बिरदेव इथं साप्ताहिक काढतो. त्याला बजावलं, काना-मात्रा हलवायची नाही. तो म्हणाला, सर, जसाच्या तसा छापतो. शिरूरच्या एसटीत अंकांचा गठ्ठा चढवायला मी स्वतः जाईन. खाली तुझं नाव आहे, पूर्ण. जपून राहा असं लिहिणार होतो, पण आता ताठ राहा एवढंच लिहितो.

तुझ्यापुढं हार मानलेला,
वजीर

शिरूर,
१५ सप्टेंबर २००३

ती. मामूंना इशरतचा सलाम. वि. वि.

अंक पोचले. पहिल्या शिफ्टच्या बसमध्ये एकीनं लेख मोठ्यानं वाचला. दुपारी मला ऑफिसात बोलावलं. मॅनेजरसाहेबांनी कागद पुढं सरकवला. लेख गैरसमजातून लिहिला गेला, असं त्यावर टाइप केलेलं होतं, खाली मी सही करायची. मी म्हटलं, गैरसमज कुठल्या वाक्यात आहे तेवढं दाखवा. साहेबांनी अंक मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, उद्यापासून येऊ नको.

बाहेर आले, तर आमच्या लाइनीतल्या बायका प्रेससमोरून उठून उभ्या होत्या. जाळ्या लागल्याशिवाय आम्ही बसत नाही म्हणाल्या. संध्याकाळच्या आत सगळ्या प्रेसना जाळ्या लागल्या.

माझी नोकरी गेली ती गेलीच. अम्मी आधी रडली, नंतर शेजारणीला बोलावून तिनं लेख दाखवला. अझरुद्दीनभाई अजून बोलत नाही. न बोलू दे. मी दुसरं काम शोधते आहे, आणि सणसवाडीतल्या कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांवर लिहायलाही घेतलंय.

लेख वाचून सरकारच्या कारखाना निरीक्षकांनी ललिताला येत्या सोमवारी पुण्याला जबाबासाठी बोलावलंय. मी सोबत जाणार आहे. तिला म्हटलं, सगळं लिहून घेते आणि तिथं वाचून दाखवते. ती नको म्हणाली. तू नुसती शेजारी बस म्हणाली, बोटं माझी गेलीत, तवा बोलणार बी मीच.

मामींना सलाम. लोभ आहे तसा असू द्या, आणि लाल शाईसुद्धा.

तुमची,
इशरत