आत्यासाठी फाटकी चटई

ऑकलंड, रविवार

आई,

व्हावाउ बेटावरच्या आपल्या घरातल्या सगळ्यांना लोसेकडून प्रेम. देवाच्या दयेने आम्ही बरे आहोत. धुलाईखान्यातल्या कामाने बोटं आखडतात, पण ते चालायचंच. तुझा गुडघा कसा आहे?

आत्या गेल्याचं कळलंच असेल. कामावरून तशीच मयताला गेले, आपल्या रिवाजाप्रमाणे कमरेला चटई गुंडाळून, पण तू पाठवलेली नवी. दमले होते, डोकंच चाललं नाही. म्हाताऱ्या लातूमावशीने दारातच अडवलं. "काय गं, भावाची लेक ना तू? आत्यापुढे नटून आलीस? आत्याच्या मयताला भाचरांनी फाटकी चटई नेसून चुलीपाशी राबायचं असतं, विसरलीस?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिनेच आतून आपली फाटकी, घोट्यापर्यंत लोंबणारी चटई आणून माझ्या कमरेला बांधली.

त्यानंतर अनोळखी माणसंही नुसती चटई बघून म्हणत, "भावाकडची आहे, तिला मागे चुलीकडे जाऊ द्या." दिवसभर अळूचे कंद सोलले. कंबर मोडली, पण या शहरात पहिल्यांदाच मी कुणाची कोण, ते मला सांगावं लागलं नाही.

आता नवी विणत बसू नकोस. तुझीच जुनी पाठव. लातूमावशीची परत द्यायचीय, आणि फाटकं तेवढं इथे विकत मिळत नाही.

तुझी,
लोसे