बिनआवाजाची बोली

काळाचौकी,
१२ जानेवारी २०२५

चि. मेघना हिस,
बाबांचे आशीर्वाद. नागपूरला थंडी कडक असेल, कान झाकत जा. इकडे सर्व ठीक, असं लिहायची सवय, म्हणून लिहून गेलो.

फोनवर माझा आवाज अडकतो. परवा तू आईची चौकशी केलीस आणि मी "आराम करतेय" म्हणून फोन ठेवला. तुझ्या लग्नावरून बिनसल्यापासून आपण बोललो ते तेवढंच. पण तो आराम नाही, पोरी. डॉक्टरीणबाई मशीनवाल्याला "रेस्टिंग घ्या" म्हणाल्या, तेच धरून मी अख्ख्या चाळीला सांगत सुटलो. डोक्यात रक्तस्राव झाल्यापासून आई इस्पितळात आहे, तिने डोळे उघडलेले नाहीत.

‘रेस्टिंग’ म्हणजे मेंदूची तपासणी निघाली, तिच्या डोक्याला वायरी लावतात. बाई म्हणाल्या, "आजोबा, आता कोणी बोलू नका. आपण काही न विचारता मेंदू आपणहून काय करतो ते बघायचंय. त्यावरून शुद्ध किती उरलीय, अंदाज येतो."

मला पटलं. गिरणीच्या भिंतीला बाहेरून तळहात लावला की आत विणायचे साचे चालू की बंद, कळायचंच की.

"मी नुसते ओठ हलवले तर?"

"हलवा हो! पण त्यांना ऐकू कसं येणार?"

तुला आठवतं? साच्यांच्या खडखडाटात आम्ही विणकर ओठांनीच बोलायचो. ती बोली मी तुझ्या आईला शिकवली. एका खोलीत आजी, काका, तुम्ही पोरं. नवरा-बायकोने बोलायचं कुठे? स्टोव्हपाशी बसून आम्ही बिनआवाज बोलायचो. तू चिडायचीस, "भांडताय की हसताय, सांगा तरी!" सगळा संसार तसाच झाला.

आता मशीनवर तिच्या शुद्धीची पातळी आधीपेक्षा खाली आलीय. बाई म्हणतात, मोठ्याने बोलत राहा, फरक पडला तर पडला. मी बसतो, आणि "चहा घेतलास?" याच्यापुढे शब्द येत नाही. बाकीचं तिने माझ्या ओठांवर बघायचं असायचं, आणि डोळे तर मिटलेले. तुझी हाक मात्र खालच्या नळावरून तिसऱ्या मजल्यावर पोचायची. "आला माझा भोंगा," म्हणायची ती.

काल तिची बोटं माझ्या ओठांवर ठेवली आणि पूर्वीसारखा बोललो. बोटं हलली, की माझेच ओठ थरथरले, सांगता येत नाही.

"मेघना येतेय," असं तिला सांगून बसलोय. तिच्याशी आजवर कधी खोटं बोललेलो नाही.

तुझा,
बाबा