तात्यांच्या बांधावरची वायर

आण्णा, आज रविवार. पाच वाजत आलेत आणि अंधार पडायच्या आत मला तात्यांच्या दारात जायचंय. पाय उचलत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसलोय. तुम्ही गेलात तेव्हा मी चौथीत होतो. तुमची लाईनमनची पक्कड अजून माझ्याकडंच आहे, दांड्यावरचं रबर गेलंय तेवढं.

आपल्या वस्तीवर नेट आलं होतं, आण्णा. दोन दिवस. मोबाईलला हितं धड रेंज नाही आणि उद्या अकराला मला व्हिडिओवर मुलाखत द्यायचीय. घरी बसून गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचं काम आहे, अट एकच, घरात वायरचं नेट पाहिजे. काम तिनं शोधलं. ती अकलूजच्या कॉलेजात माझ्या वर्गात होती. मी दुसऱ्या वर्षाला हजेरीवरनं सरांशी भांडलो आणि ओळखपत्र टेबलावर फेकून घरी आलो. ती शिकत राहिली. आता तिच्या घरी स्थळं बघतायत. "घरात तुझं काय सांगू मी?" असं तिनं विचारलं.

गावातनं वायर आणायची तर तुमच्या भावाच्या, तात्यांच्या बांधावरनंच. कॉलेज सोडल्यावर ते मला चार शब्द बोलले, म्हणून वर्षभर मी त्यांच्याशी बोललो नव्हतो. आईच गेली विचारायला. त्यांनी स्वतःच्या बांबूच्या बेटातले कळक तोडले, ते रोवायला खड्डे काढले, वायरवाल्याची शिडी धरली. मी लांब उभा राहून बघत होतो.

परवा शुक्रवारी तिचा मेसेज आला, नोकरी लागेपर्यंत फोन करू नकोस. डोकंच फिरलं. आपला ऊस तुटून गेलेला, रानात त्याचा वाळला पाला, पाचट पसरलेलं. आई म्हणत होती, वारं पडू दे, कडेनं पाणी सोड. मी काडी ओढली. जाळ बघता बघता बांधापलीकडं गेला आणि कळकावरची वायर वितळून खाली आली.

काल वायरवाला आला. पाचट कुणी पेटवलं, म्हणाला. मी नुसतं तात्यांच्या रानाकडं बघितलं. तात्या तिथंच उभे होते. ते पाचट कधी जाळत नाहीत, सरीतच कुजवतात, हे साऱ्या वस्तीला ठाऊक. पण हा बाहेरचा, त्याला काय माहीत. म्हणाला, "जाळणाऱ्याच्या बांधावरनं मी परत वायर वडणार न्हाय. उद्या सांजपातूर मिटवून फोन करा, तर सोमवारी सकाळी येतो." तात्यांनी माझ्याकडं एकदाच बघितलं. "बरं. च्या घिऊन जावा की, पाव्हणं," एवढंच बोलले.

तेव्हापासनं मला सारखा तो करकंबच्या वाटेवरचा दिवस आठवतोय. फोनची लाईन बंद पडलेली. तुमचं ऑफिसात साहेबाशी वाजलेलं. तुम्ही खांबावर चढत नाही, बाभळीखाली नुसते बसून राहता. मी कंटाळून चिडतो आणि लोंबती वायर हिसडतो. तुम्ही हातावर फटका मारता. "राग उतरल्याबिगर वायरीला हात लावायचा न्हाय." मग घोटभर पाणी पिता आणि वर चढता. पक्कड मला त्याच दिवशी धरायला दिलीत.

इथनं तात्या दिसतायत, म्हशीची धार काढायला बसलेत. 'पाचट मी पेटवलं' एवढंच म्हणायचंय, त्यांनी हो म्हटलं की वायरवाल्याला फोन करायचाय. दहा वेळा म्हणून बघितलं. ते जर म्हणाले, 'मग तुझ्या वायरीला माझा बांध कशाला?', तर? आणि सगळं कळूनही काहीच बोलले नाहीत तर?

धार झाली, उठतायत. हा कागद पक्कडीखाली ठेवतो. आईला सांगितलंय, खरं काय ते बोलून येतो. तुमच्यापाशी तरी खोटं नको. खरं बोलणार, पण खऱ्यापायी न्हाय चाललो, आण्णा. वायर पायजे म्हणून चाललोय.