सतरा नंबरची वार

९ नोव्हेंबर २०२३, पुरुषोत्तमनगर

सापडलं! नियमाने निम्मंच, पण सापडलं. माणसाच्या शरीरात वीसेक हजार प्रथिनं असायला हवीत असं जनुकं सांगतात. त्यातली हजारावर अजून कुणी पाहिलेलीच नाहीत. त्यातलंच एक, हिमोग्लोबिनचं लांबचं भावंड, माझ्या सतरा नंबरच्या नमुन्यात, एका बाळंतिणीच्या वारेत. प्रथिनाचे तुकडे करून पुण्याच्या मशीनवर वजनं घेतो आम्ही. एक तुकडा जुळला. नियम दोन तुकड्यांचा. दुसराही मिळेल.

आईला समजावून सांगितलं, तर तिने कॉलनीभर पेढे वाटले. "मन्ही पोरनी माणूसना आंगमातलं हारपेल सोधी काढं." चला, माझ्या लग्नाशिवाय बोलायला काहीतरी मिळालं तिला.

२१ डिसेंबर

दुसरा तुकडा नाही. नमुना संपत आलाय.

तेव्हाच जास्त घ्यायला हवा होता. पण वार दुसऱ्याची, हट्ट किती करणार? बाळंतपणाच्या वॉर्डातल्या सिंधुबाई सिस्टरने बजावलं होतं, "ताई, अर्धीच ल्या. अर्धी त्या घर लई जातस, दाराजोडे गाडतस." बाईचं नाव रूपलीबाई. म्हसावदच्या वरची, डोंगरातली. आम्ही नाव लक्षात ठेवायचं नसतं, फक्त नंबर. पण तिने हुज्जत घातली म्हणून लक्षात राहिलं. थोडी आणखी मागितली तर तिने पिशवी पदराखाली घेतली. फॉर्मवर मी 'निरोगी'वर खूण केली. दिसत तरी होती तशी.

१४ मार्च २०२४

नाही.

६ जून

एकाच तुकड्यावर पेपर पाठवला. माझे गाईड सर म्हणाले, "नियमाचं नंतर बघू, दुसरं कुणी आधी छापेल." त्यांचं नाव शेवटी, ती मानाची जागा. माझं पहिलं, म्हणजे शिव्या खायला मी.

३० सप्टेंबर

परीक्षकाचं उत्तर. तीनच ओळी. ओळखीच्याच प्रथिनात एखादी कडी बदललेली नाही ना, हे पाहिलंत का?

नव्हतं पाहिलं. मशीनचे आकडे आम्ही एका ठरलेल्या यादीशी ताडून बघतो. त्या यादीत बदललेलं हिमोग्लोबिन नव्हतंच. आज घातलं. तंतोतंत जुळलं. सिकलसेल, आईबापाकडून पोरात उतरणारा रक्ताचा आजार.

आणि मी शहाद्याची! शाळेत माझ्या बाकावरची मुलगी सिकलमुळे महिना महिना घरी असायची. पुण्यातल्या कुणी ही चूक केली असती तर समजलं असतं. "ते डोंगरवाल्यासनं दुखनं, आपलं नई," आई म्हणायची. तेच डोक्यात घेऊन डोंगरातल्या बाईची वार तपासत बसले. लाज वाटते. मग राग येतो, मग परत लाज.

१ ऑक्टोबर

सरांना फोन. पेपर मागे घेऊ म्हणाले. मी म्हटलं, बाईला सांगायला हवं, तिचं मूल आता वर्षाचं असेल. "नमुन्याला नाव नसतं. नियम आहे." दोन तुकड्यांचा नियम मोडताना हे नियम कुठे गेले होते? विचारलं नाही. भित्री आहे मी.

मग सिंधुबाईला फोन केला. "ताई, त्या पोरना हातपाय सुजी जातस. दोनदा लई उनी व्हती ती. तापन्या गोळ्या दिन्यात आम्हीन."

४ ऑक्टोबर

गेले. सिंधुबाई सोबत होती, त्यांची बोली तिला येते. रूपलीबाईने मला लगेच ओळखलं. पोर मांडीवर, बोटं फुगलेली. ती काहीतरी बोलली. सिंधुबाई सांगेना. दोनदा विचारल्यावर म्हणाली, "ती इचारी ऱ्हायनी, अर्धी वार परत आनी का?"

अर्धीच गाडली म्हणून पोर आजारी, असं घरातल्यांचं म्हणणं. आणि ती अर्धी मी वाटून, गाळून मशीनला घातली. काय सांगणार? रक्ताचं सांगितलं, जमेल तसं. ऐकून घेतलं तिने. चाचणीला पोर पुढे केलं. माझ्याकडे मात्र परत पाहिलं नाही.

११ ऑक्टोबर

रिपोर्ट आला. पोराला दोन्हीकडून आलंय, आईकडूनही, बापाकडूनही. आईचं तर अकरा महिने माझ्या लॅपटॉपवर होतं. त्याचेच पेढे वाटले आम्ही.