चिचगडच्या रस्त्याची गाणी

रविवार, संध्याकाळ

डोकं भणभणून राहिलंय. ताई आज सासरी चिचगडला निघाली, म्हणून खास तिच्या रस्त्याची प्लेलिस्ट केली होती. गोंदिया सुटताना नाचाची गाणी, देवरीनंतर जंगल लागलं की बासरी, आणि सगळ्यात शेवटी आईनं गायलेलं भातरोवण्याचं गाणं, मीच रेकॉर्ड करून अपलोड केलेलं. दहादा सांगितलं, डाउनलोड करून घे, जंगलात रेंज नसते. पोचल्यावर तिनं नुसता अंगठा पाठवला. फोन केला तर म्हणते, "देवरीलेच बंद पडले ना रे गाणे. मंग झोपली मी."

मग अंगठा कायले पाठवला?

आत्ताच आईनं चुलीजवळून विचारलं, "माहं गाणं आयकलं का तिनं?"

मीही अंगठाच दाखवला.