चार नंबरचं मीटर

9 मार्च 1987

मुकी! सहाच्या सहा मीटरं मुकी. सकाळपासून दिलीप कॉम्प्युटरसमोर डोकं धरून बसलाय आणि स्क्रीनवर काही म्हणजे काही येत नाही.

दिलीप मालकांचा पुतण्या, नवा इंजिनियर. भट्ट्यांवरची काट्याची मीटरं काढून त्याने लाल आकड्यांची डिजिटल बसवलीत. मोटारींच्या कॉइल वार्निशमध्ये बुडवून आमच्याकडे भट्टीत भाजतात, 130 डिग्रीला. ती डिग्री आता मीटरने वायरीतून केबिनमधल्या कॉम्प्युटरला कळवायची, दर मिनिटाला, आणि त्याने ती कागदावर छापायची. आठ वर्षं हे काम वामन करतोय. तासातासाला रजिस्टरात आकडा, खाली माझी सही.

"टेन्शन नको मॅडम, आज बोलतील."

बोलली नाहीत.

10 मार्च

सापडलं! वायरी उलट होत्या. मीटरची बोलायची वायर कॉम्प्युटरच्या बोलायच्या वायरीलाच जोडलेली. म्हणजे दोघंही बोलत होते आणि ऐकत कुणीच नव्हतं! मला इतकं हसू आलं, दिलीप बघतच राहिला.

आणि पुढची गंमत – प्रत्येक मीटरला नंबर असतो. आपण 4 टाइप केलं की फक्त चार उत्तर देतं, बाकीची गप्प. अगदी आमच्या शाळेतली हजेरी! सिस्टर नंबर पुकारायच्या, आणि सतरा म्हटलं की मी ताडकन उभी – "प्रेझेंट, सिस्टर!" चाळीस वर्षं झाली. आज उगाचच दहा वेळा 4 टाइप केलं. दहाही वेळा हजर.

हे असते तर? रविवारी रेडिओ उघडून बसायचे, तसं आज एखादं मीटर उघडून बसले असते. स्क्रू माझ्या ओंजळीत.

12 मार्च

आज मी प्रोग्रॅमिंग केलं. मी! छप्पन्नाव्या वर्षी!

नवी मीटरं थोडं जास्त दाखवतात. किती, ते वामनने आपला काचेचा थर्मामीटर प्रत्येक भट्टीत धरून तपासलं आणि चिठ्ठीवर लिहून आणलं. ते आकडे मी केबिनमधून मीटरांना पाठवले – 0, 2, 3, 9, 0, 2. तेवढं वजा करून आता ती खरं सांगणार. चार नंबर भलतंच लबाड निघालं, चक्क नऊ डिग्रीने!

वामन भट्ट्यांपाशी उभा होता. इकडे मी बटण दाबलं की तिकडे आकडा खटकन बदलायचा. "आयला! थंय बसून हितला आकडा फिरवताव, बाय?" चारच्या वेळी मात्र तो काही बोलला नाही. नुसता बघत राहिला. इथल्याच पावणे गावचा माणूस – कारखाना व्हायच्या आधी चार नंबरच्या बरोबर खाली त्यांच्या भातशेताचा बांध होता, असं नेहमी सांगतो.

17 मार्च

कागद छापून येतो तो बघत बसावंसं वाटतं. दार उघडलं की डिग्री खाली, लावलं की हळूहळू वर. भट्टी श्वास घेते! आठ वर्षं सह्या केल्या आणि हे मला माहीतच नव्हतं. तासाला एकदा बघून कसं कळणार?

23 मार्च

वाईट दिवस.

दिलीपने कॉम्प्युटरचा कागद आणि वामनचं रजिस्टर शेजारी ठेवलं.

"वामनभाऊ, हे काय? चार नंबरच्या पॅनेलवर 122, कागदावर 122. आणि तुमच्या वहीत रोज 130?"

"माजा थर्मामीटर एकशेतीस बोलतंय साहेब. मी तोच लिवतंय."

"तो काचेचा? तो म्युझियमला द्या! आठ वर्षांत किती कॉइल कच्च्या गेल्या, कोण जाणे."

"आनी याला शिकवला कोनी?" वामनने कॉम्प्युटरकडे बोट केलं. बघत होता माझ्याकडे.

आणि मी म्हणाले – देवा, का म्हणाले – "यंत्र कशाला खोटं बोलेल, वामन?"

दिलीपने तिथल्या तिथे वामनला सांगून टाकलं. एक तारखेपासून गेटवर बसायचं. भट्टीला हात लावायचा नाही.

24 मार्च

रजिस्टर समोर आलं. पेन उचललं, ठेवलं.

28 मार्च

डोक्यातून जात नाही. आठ डिग्री कमी भाजली तर कॉइल चिकट राहायला हवी ना? चार नंबरमधली एक मागवली. नखाने खरवडली. खडखडीत! बाकीच्यांसारखीच.

म्हणून मीटरलाच विचारलं – तू किती वजा करतंस? उत्तर आलं, 9. वामनची चिठ्ठी काढली. चिठ्ठीवरही 9. मग?

चिठ्ठीच्या कोपऱ्यात त्याने तारीख घातलीय. 92/3.

ब्याण्णव तारीख! हसले. मग चिठ्ठी पुन्हा डोळ्यांजवळ धरली.

ती बारा तारीख होती. तो नऊ नव्हता. १ होता – वामनचा गोल डोक्याचा, शेपटीवाला मराठी एक. शून्य, दोन, तीन मराठी-इंग्रजीत सारखेच दिसतात, शंका यायला जागाच नव्हती. रजिस्टरात तो इंग्रजी आकडे लिहितो. मीच शिकवले होते 1979 साली, पाटीवर, डब्याच्या सुट्टीत. पण स्वतःच्या चिठ्ठीवर तो माझे आकडे कशाला लिहील?

वामन रजेवर आहे. एक तारखेला येईल. गेटवर.

30 मार्च

दिलीपला सांगितलं. चिठ्ठी पुढे ठेवली. "चूक माझी." 9 काढून 1 पाठवला. पॅनेलवर 122 चे 130 झाले, खटकन. दिलीपने चिठ्ठी परत माझ्याकडे सरकवली.

"मॅडम, तुम्ही गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं."

"मला कळलं होतं ना."

"गेटचं रद्द. मी बोलतो वामनभाऊंशी."

म्हटलं, नको. मी बोलते.

१ एप्रिल

गेटवर गेले. वामन खाकी शर्ट घालून स्टुलावर बसला होता. चार नंबरचं सगळं सांगितलं. माफी मागितली.

"म्हाईत हाय, बाय. तवाच दिसला मना. एकशेएकतीसचा एकदम एकशेबावीस! एकाचा नऊ झाला, दुसरा काय?"

"मग बोलला का नाहीस?"

"इंग्रजी आकडे तुमीच शिकवलंव ना मना. त्या साहेबाच्या फुडं तुमाला चुकीचा कसा बोलू?"