शिकागोचे वीस तास

राहनाळ, शनिवार, १४ मे २००५, संध्याकाळ

काल दुपारी बाबा गेले. शिकागोला दादाला फोन केला, तर रडत म्हणाला, "वीस तास लागतील, थांबा." मी घड्याळ बघून गावाला सांगून टाकलं, उद्या सकाळी येतोय. आज सकाळी फोन आला तो तिकडच्याच विमानतळावरून. आत्ता बसतोय म्हणे! वीस तास नुसते विमानाचे होते. मी विचारलं का नाही? तरी त्याला "थांबतो" म्हणालो. आळीत कालपासून चूल नाही. बर्फाच्या लाद्या दोनदा आणल्या, दोनदा वितळल्या. चारला काका म्हणाले, "पोरा, आता न्हाय थांबता येनार." अग्नी थोरल्याचा, पण मीच दिला. अंगण बर्फाच्या पाण्याने अजून ओलं आहे. दादा अजून विमानात आहे. आम्ही थांबलोय असं धरून बसलाय.